कर्ण आणि त्याची उपपत्ती

काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी कोणत्याही दोन माहीत असल्या, तर तिसरी न मोजता सांगता येते, ही गोष्ट शालेय वयातच इतकी अंगवळणी पडते, की तिच्यातले नवल पुढे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ३ आणि ४ हात लांबीच्या दोन पट्ट्या बिजागरीने जोडल्या आणि त्यांच्यामधला कोन हळूहळू उघडत नेला, तर त्यांच्या मोकळ्या टोकांमधले अंतर जेमतेम १ हातापासून जवळजवळ ७ हातांपर्यंत वाढत जाते, आणि या सगळ्या प्रवासात ते अंतर केवळ ३ व ४ या दोन संख्यांवरून सांगता येत नाही, कारण कोन किती उघडला आहे हेही ठाऊक असावे लागते. मात्र पट्ट्या एकमेकींशी काटकोनात आल्या, की त्या एका स्थितीत कोनाचा हिशेब गळून पडतो आणि दोन बाजूंच्या लांबीतून तिसरी सरळ हाती येते. ती ५ हात भरते.

काटकोनासमोरच्या, म्हणजे सर्वांत लांब बाजूला मराठी पाठ्यपुस्तके आजही 'कर्ण' म्हणतात. हा शब्द जुन्या संस्कृत गणितातून जसाच्या तसा आला असून त्याचा मूळ अर्थ कान असा आहे; म्हणूनच श्लोकात मात्रा जुळवताना तेच गणिती 'श्रुती' हा त्याचा पर्यायही वापरत. काटकोन करणाऱ्या दोन बाजूंपैकी एकीला 'भुज' म्हणजे बाहू, तर दुसरीला 'कोटी' म्हणजे धनुष्याचे टोक अशी नावे होती. तिघींचे नाते असे, की भुजाचा वर्ग आणि कोटीचा वर्ग यांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी असते. या विधानातला 'वर्ग' हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. वर्ग म्हणजे संख्येला तिनेच गुणण्याची क्रिया हे खरे असले, तरी मुळात तो त्या बाजूवर उभारलेला चौरस आहे, आणि नाते आहे ते या चौरसांच्या क्षेत्रफळांचे. लांबीची लांबीत बेरीज केली तर ३ आणि ४ मिळून ७ होतात आणि कर्ण काही ७ नसतो; पण ३ हातांच्या चौरस जागेला हातभर बाजूच्या ९ लाद्या लागतात, ४ हातांच्या जागेला १६ लागतात, आणि त्या २५ लाद्या उचलून नेल्या तर ५ हातांची चौरस जागा एकही लादी न उरता भरते. रेषांचा प्रश्न जमिनीच्या क्षेत्रफळात नेऊन सोडवायचा आणि उत्तर घेऊन पुन्हा रेषेवर यायचे, अशी ही वाट आहे. वर्गमूळ काढणे हे तिचे शेवटचे पाऊल.

असे का होते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा मान महाराष्ट्राच्या भूमीत एका ग्रंथाला स्पष्टपणे द्यावा लागतो. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, वयाच्या ३६व्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. 'बीजगणिता'त त्यांनी एक उदाहरण घातले आहे: एका काटकोन क्षेत्राचा भुज तिथींइतका, म्हणजे १५, आणि कोटी नखांइतकी, म्हणजे २०, तर कर्ण किती? प्रश्न येथे संपत नाही. ही रीत लोकांत रूढ आहे, तेव्हा तिची उपपत्तीही सांगावी, अशी मागणी त्याच श्लोकात आहे. उपपत्ती म्हणजे एखादा नियम खरा का ठरतो याचे कारण. आकडेमोड सर्वांना येते हे गृहीत धरून तिच्यामागचे कारण मागणारा हा श्लोक भारतीय गणिताच्या इतिहासात मोलाचा आहे. कारण आपल्याकडे केवळ सूत्रे पाठ करत आणि सिद्धता फक्त ग्रीकांकडे होत्या, हा समज पुसायला तो एकटाही पुरेसा आहे.

भास्कराचार्यांनी दिलेल्या दोन उपपत्तींपैकी क्षेत्रातून जाणारी उपपत्ती कागद आणि कात्री घेऊन कोणालाही पडताळता येते. १५ आणि २० बाजूंचे चार सारखे काटकोन त्रिकोण कापून घ्यावेत आणि ते असे मांडावेत, की चौघांचे कर्ण बाहेरच्या बाजूला येऊन एका मोठ्या चौरसाच्या चार कडा बनतील. चारही त्रिकोण आत वळलेले असतात आणि प्रत्येकाची लांब बाजू शेजारच्याच्या आखूड बाजूला लागून, तिच्या पुढे जाते. त्यामुळे मधोमध एक लहानसा चौरस मोकळा राहतो, ज्याची बाजू २० उणे १५, म्हणजे ५ असते. आता क्षेत्रफळे मोजावीत. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५ गुणिले २० चे निम्मे, म्हणजे १५०; चौघांचे ६००; मधल्या चौरसाचे २५. एकूण ६२५, आणि हेच मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ असल्यामुळे त्याची बाजू, म्हणजे कर्ण, २५. येथे कोणताही नियम आधी मान्य करावा लागलेला नाही. १५ आणि २० च्या जागी कोणतेही भुज-कोटी घेतले, तरी चार त्रिकोण मिळून त्यांच्या गुणाकाराची दुप्पट होते, त्यात त्यांच्या वजाबाकीचा वर्ग मिळवला जातो, आणि या दोहोंची बेरीज नेहमीच त्यांच्या वर्गांच्या बेरजेइतकी येते. कापलेले तेच पाच तुकडे हलवून भुजावरचा आणि कोटीवरचा असे दोन चौरस शेजारी शेजारी रचता येतात, आणि मग बीजगणिताचे अक्षरही न लिहिता हे नाते नजरेसमोर उभे राहते.

दुसरी उपपत्ती त्रैराशिकाची आहे आणि ती अधिक खोल जाते. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला, की कर्णाचे दोन तुकडे पडतात, ज्यांना जुन्या परिभाषेत आबाधा म्हणत, आणि मूळ त्रिकोणाचे दोन लहान त्रिकोण होतात. हे दोन्ही मूळ त्रिकोणाच्याच घडणीचे, म्हणजे आजच्या भाषेत त्याच्याशी समरूप असतात. म्हणून मोठ्या त्रिकोणात कर्ण असताना भुज १५, तर लहान त्रिकोणात १५ हाच कर्ण असताना भुज किती, असे त्रैराशिक मांडता येते, आणि भुजाकडची आबाधा २२५ भागिले कर्ण इतकी येते. त्याच रीतीने कोटीकडची ४०० भागिले कर्ण येते. दोन्ही आबाधांची बेरीज म्हणजेच कर्ण असल्याने, कर्णाला कर्णाने गुणले की ६२५ मिळतात. काटकोन त्रिकोण स्वतःच्याच आकाराच्या दोन त्रिकोणांत चिरला जाऊ शकतो, या एका गुणधर्मात सगळे नाते सामावलेले आहे, हे या वाटेने गेल्यावरच कळते.

भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे सांगून त्याचे नाव विज्जडविड असे दिले आहे. त्याचे स्थान कोणते यावर वाद आहेत, पण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणशी त्यांच्या घराण्याचा संबंध शिलालेखानेच सिद्ध झालेला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा इसवी सन १२०७ चा हा लेख असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गणिताच्या अध्ययनासाठी दिलेल्या दानाचा तपशील मराठी गद्यात दगडावर कोरलेला असावा, ही या भाषेच्या माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. हा लेख विद्वज्जगापुढे आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेल्या या वैद्याने आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतच्या ज्योतिर्विदांच्या काळासंबंधी लिहिलेला निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाटणचा लेख त्यातून अभ्यासकांना कळला. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे.

उपपत्तीची ही परंपरा पाटणला थांबली नाही. मुंबईच्या दक्षिणेला, कोकण किनाऱ्यावर मुरूडजवळच्या नांदगावी राहणाऱ्या गणेश दैवज्ञांनी शके १४६७ मध्ये, म्हणजे १५४५ च्या सुमारास, 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि मूळ ग्रंथात केवळ नियम दिला होता तिथे तिथे त्याचे कारण पुरवले. भुज, कोटी आणि कर्ण यांच्या नात्याच्या दोन्ही उपपत्ती त्यात आहेत. हेच गणेश दैवज्ञ 'ग्रहलाघव' या ग्रंथाचे कर्ते, ज्याच्या आधारे महाराष्ट्रातील पंचांगे पिढ्यानपिढ्या तयार होत आली.

या नात्याला आज पायथागोरसचे नाव आहे, आणि ते रूढ असल्याने बदलण्याचा खटाटोप करण्याचे कारण नाही. मात्र पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला, तर त्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधी बाबिलोनियात मातीच्या पाटीवर अशा त्रिकोणांच्या संख्या कोरल्या गेल्या होत्या. आपल्याकडे यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णावरील क्षेत्र हे त्याच्या दोन बाजूंवरील क्षेत्रांच्या बेरजेइतके असते, असे सरळ विधान आहे. आणि युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास त्याची क्रमबद्ध सिद्धता दिली. शुल्बसूत्र या नावातला शुल्ब म्हणजे दोरी. वेदी आखणाऱ्यांना हे नाते दोरी ताणताना भेटले.

दोरीने आखण्याचे ते काम आजही संपलेले नाही. मुंबईच्या प्रभादेवी भागात कापडगिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कोणत्याही इमारतीचे पहिले काम म्हणजे मोकळ्या जमिनीवर दोरी ताणून आणि फक्की टाकून केलेली आखणी. गवंड्याच्या हातातला गुण्या हा कोपरा तपासण्यासाठी असतो, परंतु त्याची भुजा जेमतेम वीत-दोन वीत असल्याने मोठ्या मापावर तो पुरत नाही. तेव्हा एका दोरीवर ३ मीटरची आणि दुसरीवर ४ मीटरची खूण करून त्या खुणांमधले अंतर ५ मीटर भरेपर्यंत दोरी सरकवली जाते. गणेशोत्सवात लालबाग-परळच्या गल्ल्यांत मंडपाचे खांब रोवतानाही हीच युक्ती चालते. येथे एक बारकावा आहे, जो पुस्तकांत अनेकदा निसटतो. काटकोन असेल तर वर्गांचे नाते जुळते, हे झाले मूळ प्रमेय. नाते जुळत असेल तर कोन काटकोनच असला पाहिजे, हा त्याचा व्यत्यास, आणि ते वेगळे विधान असल्याने त्याची सिद्धताही वेगळी द्यावी लागते. युक्लिडने ती लगेच पुढच्या प्रमेयात दिली आहे. गवंडी वापरतो तो व्यत्यास. त्याची कसोटी किती काटेकोर आहे हे आकड्यांत पाहता येते: ३ आणि ४ मीटरच्या खुणांमधला कर्ण ५ मीटरऐवजी ५ मीटर १ सेंटीमीटर भरला, तर कोन सुमारे पाव अंशाने बिघडलेला असतो, डोळ्यांना तो मुळीच दिसत नाही, पण त्या रेषेवर २० मीटर लांबीची भिंत बांधली तर तिचे दुसरे टोक आठ सेंटीमीटरहून अधिक सरकते.

जमिनीवरून उठून हा त्रिकोण उभा राहिला, की तो आकाशाचे माप घेऊ लागतो. जुने ज्योतिषी सपाट जमिनीवर १२ अंगुळांची काठी उभी करत, जिला शंकू म्हणत. शंकू ही कोटी, त्याची सावली हा भुज, आणि सावलीच्या टोकापासून शंकूच्या टोकापर्यंतची न दिसणारी रेषा म्हणजे छायाकर्ण. दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशीच्या माध्यान्हीची सावली त्या ठिकाणची पलभा होय, आणि ती विषुववृत्तापासून उत्तरेकडे जावे तशी वाढत जाते. प्रभादेवी सुमारे १९ अक्षांशावर असल्यामुळे तिथे पलभा साधारण सव्वाचार अंगुळांहून थोडी कमी, ४ अंगुळे आणि एका अंगुळाचा आठवा भाग इतकी भरते. तिचा वर्ग सुमारे १७, शंकूचा वर्ग १४४, बेरीज १६१, आणि छायाकर्ण सुमारे १२.६९ अंगुळे. पलभेला या कर्णाने भागले की ०.३२५ येते, आणि ही १९ अंशांची 'ज्या', म्हणजे आजच्या भाषेत साइन, आहे. म्हणजे एक काठी, तिची सावली आणि एक वर्गमूळ एवढ्या सामग्रीवर ते ठिकाण पृथ्वीवर किती उत्तरेला आहे हे निघते. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने १५ मे आणि २८ जुलैच्या सुमारास शंकूची सावली माध्यान्ही नाहीशी होते आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात ती दक्षिणेकडे पडते. गिरणगावातील कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या तपशिलाचे महत्त्व कळेल, कारण त्या दात्यांची काचेची बाजू थेट ऊन मागांवर येऊ नये म्हणून उत्तरेकडे ठेवत, आणि वर्षाचे ते अडीच महिने मात्र मुंबईचा दुपारचा सूर्य उत्तरेलाच असे.

'लीलावती'तील कर्णाची उदाहरणे ३ आणि ४ अशा सोप्या बाजूंपासून सुरू होतात, पण त्यांतली खरी मौज पुढे आहे, जिथे दोन बाजू सुट्या दिलेल्या नसून त्यांची बेरीज किंवा वजाबाकी दिलेली असते. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकते, तर तो किती उंचीवर मोडला? येथे कोटी आणि कर्ण मिळून ३२ आहेत आणि भुज १६. भुजाच्या वर्गाला, म्हणजे २५६ ला, ३२ ने भागले की ८ येतात, आणि तेच कर्ण व कोटी यांमधले अंतर. म्हणून कोटी १२ आणि कर्ण २०. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, ही एकच ओळख येथे सगळे काम करते आणि वर्गमूळ काढण्याची वेळच येत नाही.

दुसरे उदाहरण कमळाचे आहे. सरोवरात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात दिसते; वाऱ्याने ती कलत जाते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते; तर पाणी किती खोल? देठ तळाशी घट्ट असून त्याची लांबी बदलत नाही, एवढे ध्यानात आले की काटकोन त्रिकोण दिसू लागतो: कोटी ही पाण्याची खोली, भुज दोन हात, आणि कलता देठ हा कर्ण, जो खोलीपेक्षा अर्ध्या हाताने मोठा आहे. भुजाचा वर्ग ४, त्याला अर्ध्याने भागले की ८, त्यातून अर्धा वजा करून निम्मे केले की पावणेचार. पाण्यात न उतरता त्याची खोली कळली.

प्रभादेवीच्या किनाऱ्यावर हेच कमळ पुन्हा भेटते, फक्त त्याचे माप बदललेले असते. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या क्षितिजाकडे जाणारी दृष्टिरेषा समुद्राच्या पृष्ठभागाला नुसती स्पर्श करते, आणि वर्तुळाची स्पर्शिका त्या बिंदूशी आलेल्या त्रिज्येशी नेहमी काटकोन करते. म्हणून पृथ्वीचे केंद्र, क्षितिजबिंदू आणि पाहणाऱ्याचा डोळा यांचा काटकोन त्रिकोण होतो. त्यात पृथ्वीची त्रिज्या ही कोटी, क्षितिजापर्यंतचे अंतर हा भुज, आणि केंद्रापासून डोळ्यापर्यंतची रेषा हा कर्ण, जो त्रिज्येपेक्षा डोळ्याच्या उंचीइतकाच मोठा आहे. पाण्याच्या वर दिसणारी कळी म्हणजे ही उंची, दोन हात म्हणजे क्षितिजाचे अंतर, आणि सरोवराची खोली म्हणजे पृथ्वीची त्रिज्या.

त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर वाळूवर उभ्या असलेल्या, डोळ्याची उंची दीड मीटर असलेल्या माणसाला क्षितिज सुमारे ४.४ किलोमीटरवर दिसायला हवे. २५ मीटर उंचीच्या गच्चीवरून ते सुमारे १७.८ किलोमीटरवर जाते, आणि १०० मीटरवरून ३५.७ किलोमीटरवर. उंची चौपट झाली तर अंतर दुप्पटच होते, कारण हे नाते वर्गाचे आहे. हवेत प्रकाश किंचित वाकत असल्याने प्रत्यक्षातले क्षितिज याहून थोडे पुढे असते. पश्चिमेकडे निघालेल्या मचव्याचा सांगाडा आधी आणि डोलकाठी मागून दिसेनाशी होते, आणि तोच मचवा वरच्या मजल्यावर चढलेल्याला पुन्हा अखंड दिसतो, याचे कारण हा त्रिकोण आहे. आता उलट दिशेने जावे. १०० मीटर, म्हणजे ०.१ किलोमीटर उंचीवरून क्षितिज ३५.७ किलोमीटरवर आहे एवढेच ठाऊक असेल, तर कमळाचा हिशेब जसाच्या तसा करावा: ३५.७ चा वर्ग सुमारे १,२७४.५, त्याला ०.१ ने भागले की १२,७४५, त्यातून ०.१ वजा करून निम्मे केले की ६,३७२ किलोमीटर.